तिसरा रकाना

आमचे पोस्टमास्तर तीस वर्षं फ्रेंच शिकले आणि त्या तीस वर्षांत त्यांनी फ्रेंचचा एक शब्दही कानांनी ऐकला नव्हता. शिकले ते सगळं छापील फॉर्मांवरून. परदेशी टपालाचे कागद बहुतेक एकाच साच्याचे असतात. वर फ्रेंच, खाली बारीक अक्षरांत इंग्रजी. आम्ही बाकीचे खालचं वाचून काम उरकायचो, मास्तर वरचं वाचायचे. तेही अक्षर न् अक्षर उच्चारून. छापणाऱ्याने शाई घातली आहे तर ती वाया का घालवायची, असा त्यांचा सरळ सवाल होता.

पोस्ट लोणार तालुक्यातलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक येणार आहे ती माझी आहे आणि माझ्यापायी त्या बिचाऱ्या पोस्टाची बदनामी नको. मी सोनाळ्याचा, म्हणजे जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाचा. पहिली नेमणूक मिळाली ती पार खालच्या टोकाला. तीन एसट्या बदलून, अंगावर धूळ घेऊन मी काउंटरपाशी उभा राहिलो, तर आतून एक बुटका, जाड भिंगांच्या चष्म्याचा माणूस उठून आला. रुजू होण्याचा माझा कागद त्याने बाजूला सारला आणि विचारलं, "मले एक सांग. मी तुले ठाऊक हावो, का तू मले वळखतो?"

"साहेब, आत्ताच तर बसमधून उतरलो."

"मंग निसता ठाऊक हावो. वळख अजून व्हायची हाय." मग टेबलाच्या खणातून एक लांबुडकी वही काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. "हे पाह्य. साव्हॉयर म्हंजे ठाऊक असनं. कोनाइत्रे म्हंजे वळखनं. फ्रेंचात दोन शब्द, आपल्यात दोन शब्द. अन् इंग्रजीत? दोन्हीले एकच, 'के'वालं नो! गरीब भाषा हाय बे ते."

इंग्रजीला गरीब म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. मी स्वतः दहावीला इंग्रजीत एकदा आपटी खाल्लेला. मला मास्तर जागच्या जागी आवडले.

त्या वहीला तीन रकाने होते. पहिल्यात तांबड्या शाईने फ्रेंच, दुसऱ्यात निळ्या शाईने इंग्रजी. तिसऱ्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'आपल्याकडं'. हा रकाना पेन्सिलीने भरायचा, कारण तो बदलू शकतो. त्याचा नियम कडक होता. शब्द असा पाहिजे की चिखलीच्या बाजारात उभं राहून म्हटला तर कापूस विकायला आलेल्या माणसाला लगेच कळला पाहिजे. पुस्तकातला शब्द त्यांना चालत नसे. शाळेतले एक गुरुजी मोठ्या हौसेने शब्द सुचवायला यायचे, तर मास्तर त्यांना म्हणायचे, "गुरुजी, हे बाजारात म्हना न् कोनी वळून पाह्यते का ते सांगा."

आमच्याकडची बरीच पोरं सौदीला, कुवेतला. त्यामुळे परदेशी रजिस्टऱ्या यायच्या-जायच्या, आणि काही परतही जायच्या. पत्र परत पाठवताना त्यावर एक चिठ्ठी लावतात. का परत चाललं त्याची कारणं तिच्यावर छापलेली असतात, आपण एकावर खूण करायची. मास्तरांच्या फ्रेंचचा उगम तीच चिठ्ठी. 'रेफूसे', इंग्रजीत रिफ्यूज्ड, तिसऱ्या रकान्यात 'नाई म्हनला'. 'नॉन रेक्लामे', अनक्लेम्ड, 'घ्यालेच आला नाई'. 'पार्टी' म्हणजे लेफ्ट, 'गेला'. पण 'देमेनागे' म्हणजेही गेलाच, फॉर्मवर मूव्हड, तर त्याच्यासमोर 'बिऱ्हाड उचललं'. मास्तर मला समजावायचे, "नुसता गेलेला मानूस दिवाळीले येऊ शकते. बिऱ्हाड उचलेल येत नाई. दोघाईले एकच खूण करशील तं मानसाची वाट लागते." शेवटचं कारण 'इनकोनू', अननोन. त्यासमोर 'कोनीच वळखत नाई', आणि खाली दोनदा गिरवून, 'असं व्हत नाई'.

म्हणजे चिठ्ठीवर छापलेलं कारणच मास्तरांना मान्य नव्हतं. त्यांच्या कारकिर्दीत त्या चौकोनात एकदाही खूण झाली नव्हती.

फॉर्म पुरेनात तेव्हा त्यांनी चिखलीच्या रद्दीवाल्याकडून एक फ्रेंच-इंग्रजी शब्दकोश मिळवला. त्याची पहिली पानं फाटलेली, 'ए' हे अक्षर समूळ गेलेलं. पुढे मोबाइलवर पाहून मला कळलं की फ्रेंचमध्ये प्रेम, मित्र, पैसा आणि निरोप हे चारही शब्द 'ए'पासून सुरू होतात. मास्तरांच्या फ्रेंचमध्ये ते चारही नव्हते आणि त्यांचं काही अडलं नव्हतं. उलट जे होतं त्यावरच त्यांचा दिवस निघायचा. समुद्राला मिळणारी ती 'फ्लेऊव्हे' आणि दुसऱ्या नदीला मिळणारी ती 'रिव्हिएरे', इंग्रजीत दोन्ही रिव्हर, हे कळल्यावर त्यांनी नकाशा काढला. पूर्णा तापीला मिळते, पैनगंगा वर्धेला. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "आपल्या अख्ख्या जिल्ह्यात एकबी फ्लेऊव्हे नाई बे!" आणि दुपारभर उदास होते. चहासुद्धा घेतला नाही.

त्यांना संपूर्ण वाक्य मात्र एकच येत होतं. परदेशी रजिस्टरला गुलाबी पोचपावती असते, तिच्यावर ते छापलेलं असतं: 'लेन्व्हॉय मेन्शनने सी-देसूस आ एटे दूमेंट रेमिस.' वर लिहिलेली वस्तू रीतसर पोचती केली, असा त्याचा मतलब. इंग्रजी छापील होतंच. तिसरा रकाना मात्र कोरा. गुरुजींनी 'सदर वस्तू यथाविधी सुपूर्द करण्यात आली' असं सुचवलं होतं. मास्तर म्हणाले, "हे मराठी नाई गुरुजी, हा कागद हाय." रकाना कोराच राहिला, पण वाक्य त्यांनी सोडलं नाही. जेवण झालं की म्हणायचे, टपालाची गाडी निघाली की म्हणायचे.

मुलीच्या लग्नातही म्हणाले. त्या लग्नाला मी होतो. विधी आटपत आले आणि मुलाकडच्यांनी तांदळाचं ताट पुढे आणलं. नवऱ्या मुलाने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आपली रीत. मास्तरांनी ताटावर आडवा हात धरला. "पत्ता बदला, माही ना नाई. नाव बदलाचं नाई. पत्ता बदलला तं टपाल मांगं मांगं जाते. नाव बदललं तं परत जाते."

व्याही रुसले, पंगत तासभर लांबली. मास्तरांची बायको कोपऱ्यात कपाळाला हात लावून बसली. शेवटी नवरा मुलगाच शहाणा निघाला. त्याने तांदळात मुलीचं आहे तेच नाव लिहिलं आणि सगळे जेवायला बसले. पाठवणीच्या वेळी मास्तरांनी व्याह्यांपुढे हात जोडले आणि डोळे पुसत गुलाबी पावतीवरचं ते वाक्य अख्खं म्हटलं. व्याह्यांना ते संस्कृत वाटलं. त्यांनीही हात जोडले.

तऱ्हेवाईक होते, पण शिक्क्याच्या बाबतीत त्यांच्याशी मस्करी चालत नसे. एकदा वाढदिवसाला मी गंमत म्हणून माझ्या खासगी डायरीत पोस्टाचा तारखेचा शिक्का मारला. मास्तरांनी ते पान माझ्याकडून फाडून घेतलं आणि चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाले, "शिक्का म्हंजे सरकारनं घेतलेली शपथ हाय. काम झाल्याबिगर घेत नसतात."

आता त्यांच्या दुखऱ्या शब्दाकडे येतो. शब्दकोशात त्यांना 'इनकोनू'चं सगळं कुटुंब सापडलं होतं. 'कोनू' म्हणजे ओळखीचा, 'इनकोनू' अनोळखी, 'रेकोनू' म्हणजे ओळख पटलेला, आणि 'रेकोनाइसान्त' म्हणजे उपकार जाणणारा. इंग्रजीत हे चौघं चार गावचे, एकमेकांशी बोलत नाहीत. फ्रेंचमध्ये एका घरचे भाऊ. यातलाच पाचवा भाऊ 'मेकोनू'. इंग्रजी अर्थ दिला होता, नीट न जाणलेला, कदर न झालेला. म्हणजे समोर असून न दिसलेला. त्याच्यासमोरचा तिसरा रकाना कित्येक वर्षं रिकामा होता. 'उपेक्षित' हा शब्द बाजाराच्या परीक्षेत नापास झाला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मास्तर विचारायचे, "घरात हाय, पन कोनाले दिसत नाई, याले काय म्हनता तुमी?" लोक म्हणायचे, "मांजर."

मी रुजू होऊन दीड वर्ष झालं असेल. फ्रान्सहून एक रजिस्टर पत्र आलं, गुलाबी पावती जोडलेलं. नाव कुमारी उज्ज्वला, वडिलांचं तेजराव, पुढे आडनाव. पत्ता आमच्याकडून बारा किलोमीटरवरच्या एका खेड्याचा. तिकडे टपाल घेऊन जाणारे आमचे शेखभाई दोन दिवस ते पिशवीत घेऊन फिरले आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "छोटे साब, पूरा गाव छान मारा. सरपंचाले विचारलं, पोलीस पाटलाले विचारलं, दुकानावर विचारलं. इस नाम की पोरगीच नहीं गाव में. आडनावबी कोनाचं नाई."

मास्तर त्या वेळी तिजोरीपाशी होते. मी चिठ्ठी लावली, 'इनकोनू'च्या चौकोनात खूण केली आणि पत्र परतीच्या बॅगेत टाकलं. झालं काम. तांदळाच्या ताटाचं ते लग्न मी स्वतः जेवलो होतो, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बॅगेचं तोंड बांधायच्या आधी मास्तर एकेक पत्र हातात घेऊन पाहायचे. त्यांनी ते पाकीट बाहेर काढलं.

"हे कोनं केलं?"

"मी."

"तू वळखत नाई, का कोनीच वळखत नाई?"

मी शेखभाईंकडे बोट केलं. मास्तरांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पाकीट उलटं केलं. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता आणि हाताने लिहिलेली एक ओळ होती. ते भिंग लावून एकेक अक्षर वाचू लागले. "लाबोरातोइरे. म्हंजे प्रयोगशाळा. लॅक्स म्हंजे तळी. तळं म्हंजे आपलं लोणार. अन् हे हातानं लिहेल, रेपोन्से... म्हंजे उत्तर. पुढचे दोन शब्द 'ए'पासून हायत."

"मग?"

"मंग काय! शेवटी तीस लिहेल हाय. उत्तर पाह्यजे, तीस तारखेच्या आत. मधल्या दोन शब्दाईनं काय फरक पडते?" त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवशी तेवीस तारीख होती. "तळ्याच्या कामाचं बोलावणं हाय हे. आज बॅगेत गेलं अस्तं तं त्या पोरीचं काम गेलं अस्तं, अन् तिले कळलंबी नस्तं."

मग शेखभाईंना विचारलं, "कोनाकोनाले विचारलं म्हंता? सरपंच, पाटील, दुकानदार. सगळे बाप्येच! बाईचा पत्ता बाप्याईले ठाऊक अस्ते काय?"

दुसऱ्या दिवशी शनिवार. त्या गावच्या समाजमंदिरात दुपारी बचत गटाच्या बायका जमतात, हे शेखभाईंना माहीत होतं. अर्ध्या दिवसाचं काम संपताच मास्तर माझ्या मोटारसायकलवर मागे बसले, पत्राची पिशवी पोटाशी धरून. तिच्यात वहीही होती. मला वाटलं, बायका हसतील आणि आम्ही परत येऊ.

वीस-एकवीस बायका होत्या. मास्तरांनी नमस्कार केला, समुद्रापलीकडून पत्र आलंय आणि मालकीण सापडत नाहीये असं सांगितलं आणि नाव वाचलं. सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. पुढे बसलेली एक पिकल्या केसांची, करारी चेहऱ्याची बाई म्हणाली, "नाई बापा. असं नाव नाई, अन् असं आडनाव तं आमच्या गावात कदीच नोयतं."

मी निघायला वळलो. मास्तर तिथेच मांडी घालून बसले. वही उघडली.

"माय, तुमचं नाव काय?"

"शांताबाई."

"हे इथलं. माहेरचं?"

बायकांत खुसखुस झाली. शांताबाई म्हणाल्या, "आता काय करता त्याले? चाळीस वर्सं झाले."

"मले लिहून घ्याचं हाय."

बाईंनी आधी शेजारणींकडे पाहिलं. मग पदर तोंडाशी नेत म्हणाल्या, "गेंदा." आणि स्वतःच इतक्या जोरात हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग पाठोपाठ सुरूच झालं. कोणी म्हणाली मी सुंदरा, कोणी म्हणाली मी कोकिळा, इथं येऊन मंदा झाली. एकीला आठवेचना, तिच्या शेजारणीने आठवून दिलं, दोघी एकाच गावच्या होत्या. मागून एक बाई म्हणाली, "मैं रुक्साना. तब भी रुक्साना, अब भी रुक्साना. हमारे में नाम नहीं बदलते." त्यावर सगळ्या पुन्हा हसल्या. मास्तर पेन्सिलीने लिहीत होते, एकही नाव चुकू नये म्हणून पुन्हा विचारत होते. मी दारात उभा होतो आणि माझी मान खाली गेली होती, कारण आता कुठे मला कळलं होतं.

एवढ्यात शांताबाईंचं हसू थांबलं. "थांबा. आमच्या सूनबाईचं, सुनीताचं... लग्नाच्या पत्रिकेवर येगळंच काई होतं. तिची माय तिले उजू म्हने."

"शिकेल हाय?"

"शिकेल तं लय हाय. लग्नाआंधी तळ्यावर जाये म्हने, बाटल्याईत पानी भराले."

सगळी बैठक उठली. शांताबाई पुढे, मागे मास्तर, त्यामागे वीस बायका आणि शेवटी मी. घरापाशी आल्यावर शांताबाई अंगणात थांबल्या. रोजची हाक तोंडाशी आली होती ती त्यांनी गिळली, घसा खाकरला आणि हाक मारली, "उज्ज्वला!"

आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

एक पंचविशीची मुलगी पिठाच्या हातांनी दारात आली. तिने आम्हा कोणाकडेच पाहिलं नाही, ती सासूकडे पाहत होती. "आई, तुमी हाक मारली?"

"मीच मारली."

"कुमारी उज्ज्वला तेजराव?" मास्तरांनी विचारलं.

"कुमारी नाई आता," ती म्हणाली. रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही. "बाकी सगळं मीच."

सगळी भानगड दोन वाक्यांत उलगडली. एम.एस्सी. करताना लोणारच्या तळ्यावर आलेल्या एका फ्रेंच बाईंबरोबर तिने हंगामभर काम केलं होतं. काम निघालं की कळवते, असं त्या बाईंनी सांगितलं, तेव्हा हिचं लग्न ठरलेलं. लग्नानंतर मी इथेच असणार म्हणून तिने सासरच्या गावाचा पत्ता दिला, नाव आपलं दिलं. नावच राहणार नाही हे तिला कुठे माहीत! सिम बदललं, बटनांच्या फोनवर ईमेल येईना, आणि दोन वर्षं वाट पाहून तिने विषय मनातून काढून टाकला होता.

इथे मी पुन्हा शहाणपणा केला. ओळखपत्र मागितलं. तिची सगळी कार्डं सुनीताच्या नावाची. बायका माझ्यावर धावूनच येणार होत्या. मास्तर म्हणाले, "नियम हाय, पोरगं बरोबर बोलून राह्यलं. कार्ड नसलं तं वळखनारे साक्षीदार लागतात. दोन."

एकवीस जणी पुढे झाल्या. सुनेने ट्रंकेतून गुणपत्रिका आणली. मास्तरांनी कोरा कागद काढला आणि प्रत्येकीने त्यावर सही केली, माहेरच्या नावाने. शांताबाईंना 'शांताबाई' एवढंच लिहिता येत होतं. त्या सुनेला म्हणाल्या, "मले गेंदा लिहून दाखव व." सुनेने त्यांचा हात धरला आणि दोघींनी मिळून ते नाव लिहिलं. मग त्या मास्तरांकडे वळल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "घरातच होती बापा. आमीच कदी पाह्यली नाई."

गुलाबी पावतीवर उज्ज्वलाने सही केली. पाकीट फोडलं, वाचलं, मोठ्याने सांगितलं. तळ्याच्या अभ्यासाचं दोन वर्षांचं काम होतं, आपल्याकडच्याच एका कॉलेजमार्फत, आणि होकार तीस तारखेच्या आत ईमेलनेही चालणार होता. तिचा नवरा बीबी गाव ते लोणार अशी जीप चालवायचा. कोणीतरी त्याला बोलावून आणलं. अंगणात एवढी गर्दी पाहून तो आधी घाबरला. ऐकल्यावर म्हणाला, "मंग माह्याच जीपनं जाईन न ते, रोज जातोच मी." शांताबाई म्हणाल्या, "अन् भाकरी मी थापीन." बायकांनी टाळ्या वाजवल्या. होकार त्याच संध्याकाळी माझ्या मोबाइलवरून गेला. तेवढं पुण्य मी पदरात पाडून घेतलं.

परतताना मास्तरांनी मला एका लिंबाखाली गाडी थांबवायला लावली. वही मांडीवर ठेवून 'मेकोनू'समोरच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'घरातच होती, आमीच पाह्यली नाई.' मग मला विचारलं, "चिखलीच्या बाजारात कळंल?"

"कळंल," मी म्हणालो.

घरी आल्यावर मी आईला फोन लावला आणि तिचं माहेरचं नाव विचारलं. मी पंचवीस वर्षांचा घोडा, आणि मला ते माहीत नव्हतं. तिने आधी दोनदा 'काय?' म्हणून विचारलं. मग नाव सांगितलं आणि म्हणाली, "आज कसं काय विचारलं रे?" मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली. त्यानंतर मी आईला अधूनमधून त्या नावाने हाक मारतो. ती 'चाल, बावळटा' म्हणते, पण ओ देते.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात मास्तर निवृत्त झाले. निरोपसमारंभ करू दिला नाही. तो शब्दच त्यांच्याकडे नव्हता. शेवटच्या दिवशी दुपारी काउंटरसमोर एक जीप थांबली. उज्ज्वला उतरली, तिच्या मागे पांढऱ्या केसांच्या, उन्हाने लाल झालेल्या फ्रेंच बाई. मास्तर ताडकन उभे राहिले आणि तीस वर्षांचं फ्रेंच एका दमात बोलले. बाईंना एक अक्षर कळलं नाही. बाई बोलल्या, ते मास्तरांना कळलं नाही. दोघंही क्षणभर गोंधळली. मग मास्तरांनी एक कोरा फॉर्म उलटा करून पुढे सरकवला.

अर्धा तास दोघं लिहून बोलत होती. बाईंनी लिहिलेल्या एका ओळीत मास्तरांना एक शब्द दिसला आणि ते ओरडलेच, "रेकोनाइसान्ते! हे आपल्याच घरची!" त्या कुटुंबातली, उपकार जाणणारी. बाई हसल्या आणि त्याखाली आणखी एक प्रश्न लिहिला: हिला शोधलं कसं? मास्तरांनी पेन घेतलं, थोडा विचार केला आणि आपलं ते एकुलतं एक अख्खं वाक्य सुबक अक्षरात उतरवून काढलं.

उज्ज्वला आता थोडं फ्रेंच शिकली होती. तिने कागद उचलला आणि ते मोठ्याने वाचलं. "लांव्वा मांसिओने सि-दस्यू आ एते द्यूमां रमी."

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, आता रडतात. डोळे उघडून म्हणाले, "चुकीचं वाचून राह्यली तू, पोरी. निम्मी अक्षरं रस्त्यातच गहाळ केली."

ती इतकी हसली की तिला काउंटर धरावं लागलं. तिने बाईंना ते सांगितलं, मग बाईही हसल्या, आणि जीपमधून तिचा नवरा काय झालं म्हणून डोकावला. हसणं ओसरल्यावर मास्तरांनी वही काढली. ते वाक्य होतं त्या पानावर तिसरा रकाना अजून कोरा होता. त्यांनी तो तिच्यासमोर धरला आणि पेन्सिल दिली. "हे मले नाई जमलं. तू सांग, आपल्याकडं याले काय म्हनाव?"

उज्ज्वलाने पेन्सिल परत केली आणि पेन मागितलं. वही जवळ ओढली आणि एकच शब्द लिहिला. मुलगी सासरी गेली, की गाडीतून उतरल्या उतरल्या माहेरी फोन करून सांगते तो.

'पोचली.'

मास्तरांनी ते वाचलं. मग मान वळवून माझ्याकडे, माझ्या डायरीच्या फाडलेल्या पानाची आठवण असल्यासारखं पाहिलं. शिक्का हातात घेतला, त्यात आजचीच तारीख आहे ना ते तपासलं, शाईच्या पॅडवर दाबला आणि आपल्या खासगी वहीत, त्या शब्दावर, सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल असा मारला.